शेंडेनक्षत्राची वाट

इ. स. १९१० च्या मे महिन्यात हॅलेचा धूमकेतू आकाशात झळकत होता, आणि त्याच महिन्याच्या ६ तारखेस बादशहा सातवे एडवर्ड निवर्तले. धार व देवास येथे तेव्हा पवारांची संस्थाने होती. शेंडेनक्षत्र राजाच्या मुळावर येते, या जुन्या समजुतीस ह्याहून मोठा आधार तो कोणता?

परंतु वाचकहो, धूमकेतूस राजा ठाऊक नाही व रंकही नाही. तो बर्फ व धूळ यांचा गोळा. हॅलेचा सुमारे १५ किलोमीटर लांब. सूर्यापासून दूर असता तो मंद चालतो, त्यास शेपूट नसते. जवळ येताच त्याचा वेग वाढतो, बर्फाची वाफ होते, धूळ उडते. सूर्यप्रकाश व सौरवारा त्यांना दूर लोटतात. म्हणून शेपूट सदैव सूर्याच्या विरुद्ध दिशेस असते, आणि परतताना ते धूमकेतूच्या पुढे चालते! प्रत्येक फेरीत तो थोडा झिजतो.

१६१८ साली गोव्यात येशूसंघाचे वेन्सेस्लास किरविट्झर यांनी धूमकेतूंचे निरीक्षण केले. ते १६२० साली छापले गेले. भिण्याऐवजी त्यांनी पाहिले व मोजले. हॅलेचा धूमकेतू २०६१ साली पुन्हा येईल. तो पाहणाऱ्या मुलाबाळांना आपण भय नव्हे, हे ज्ञान द्यावे.