इंग्रजी बोलींतील शब्द आणि देवळालीचा ताप

शाळेंत दहा वर्षें इंग्रजी शिकलेल्या मुलास एखाद्या कादंबरींत म्हाताऱ्या शेजाऱ्यानें 'बकेट किक् केली' असें वाक्य भेटलें म्हणजे तो थबकतो. 'किक्' म्हणजे लाथ मारणें हें त्यास ठाऊक असतें, 'बकेट' म्हणजे बादली हेंही ठाऊक असतें. परंतु तो शेजारी मेला, हें मात्र त्याच्या ध्यानींमनीं नसतें. हा प्रश्न केवळ परीक्षेंतील गुणांचा नाहीं. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं विलायतेस गेलेल्या तरुणांस रोज जी इंग्रजी ऐकावी लागते ती पाठ्यपुस्तकांतली नसून बाजारांतली असते. आणि मृत्यूची वार्ता ऐकून कोणी हसला तर समोरच्यास तें अज्ञान वाटत नाहीं, निर्दयपणा वाटतो.

मराठी माणसानें या वाक्प्रचारास हसण्याचें कारण नाहीं. 'त्यानें राम म्हटला' हें ऐकून एखाद्या इंग्रजास तो गृहस्थ प्रार्थनेस बसला असेंच वाटेल. इंग्रजांच्या देशीं पाऊस मांजरांचा व कुत्र्यांचा पडतो, तर महाराष्ट्रांत तो मुसळाच्या धारेनें पडतो. दोहोंत अधिक विचित्र कोणता हें ठरविणें कठीण आहे. फ्रान्सिस ग्रोस यानें १७८५ सालीं हलक्या इंग्रजी बोलीचा जो कोश छापला त्यांत बादलीचा प्रयोग आढळतो. मारलेलें डुक्कर ज्या आडव्या लाकडास टांगीत त्यास इंग्लंडच्या कांहीं भागांत 'बकेट' म्हणत व टांगलेल्या जनावराचे पाय त्यावर आपटत, अशी एक उपपत्ति सांगतात. ती सिद्ध झालेली नाहीं, पण त्यांतल्या त्यांत पटण्याजोगी आहे.

लंडनच्या पूर्व भागांतील फेरीवाल्यांनीं तर शब्द लपविण्याची एक युक्तीच काढली. एखाद्या शब्दाशीं यमक जुळणारी जोडी घ्यावयाची आणि मूळ शब्दाऐवजीं ती वापरावयाची. जिना म्हणजे 'स्टेअर्स', म्हणून त्यास 'ॲपल्स अँड पेअर्स'. इथपर्यंत ठीक आहे. परंतु पुढें जोडींतील यमकाचाच शब्द गळतो आणि परका मनुष्य पुरता गोंधळतो. डोकें म्हणजे 'हेड'. त्याचें यमक 'लोफ ऑफ ब्रेड'. त्यांतील 'ब्रेड' गळून उरला नुसता 'लोफ'. तेव्हां 'जरा आपला लोफ वापर' असें कोणी म्हटलें तर पाव शोधूं नये, डोकें चालवावें! जॉन कॅम्डन हॉटन याच्या १८५९ सालच्या कोशांत या यमकी बोलीची यादी आहे.

जगभर रुळलेल्या 'ओके' शब्दाचें मूळही अशाच थट्टेंत आहे. 'सर्व ठीक' या अर्थाचे 'ऑल करेक्ट' हे दोन शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांचीं आद्याक्षरें २३ मार्च १८३९ रोजीं बोस्टनच्या एका वृत्तपत्रानें छापलीं. पुढच्याच वर्षीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत मार्टिन व्हॅन ब्युरेन याच्या अनुयायांनीं त्याच्या किंडरहूक या गांवाच्या नांवाशीं तीं अक्षरें जोडून घेतलीं. व्हॅन ब्युरेन हरला, शब्द जिंकला.

महाराष्ट्रीय वाचकास सर्वांत जवळची अशी कथा मात्र 'डूलॅली' या शब्दाची आहे. एखाद्याचें डोकें फिरलें, तो वेड्यासारखें वागूं लागला, म्हणजे इंग्रज लोक 'तो डूलॅली गेला' असें आजही सहज म्हणतात. हें डूलॅली म्हणजे नाशिकजवळची देवळाली. ब्रिटिश फौजेची तेथें १८६१ पासून छावणी होती. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांस मायदेशीं धाडण्यापूर्वीं तेथें ठेवीत. परंतु फौजेचीं जहाजें साधारणतः हिवाळ्याच्या हंगामांतच सुटत. ज्याची मुदत वसंतांत संपली त्यानें पुढील हंगामापर्यंत तेथेंच दिवस मोजावयाचे. कवायत नाहीं, काम नाहीं. उन्हाळा, डांस, दारू आणि घरची ओढ मात्र अपार. कित्येक तापानें फणफणले, कित्येक दंगा करून तुरुंगांत गेले, कित्येकांच्या मनाचा तोल ढळला. त्यांच्या सोबत्यांनीं या अवस्थेस नांव दिलें 'डूलॅली टॅप'. यांतील 'टॅप' म्हणजे इंग्रजी टिचकी किंवा नळ नव्हे. तो आपला नेहमींचा 'ताप' होय. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानें १९३६ सालच्या आपल्या आठवणींत या वेडाचें खापर छावणींतील कंटाळ्यावर फोडलें आहे. पुढें ताप गळाला, गांव तेवढें उरलें. थट्टेच्या या शब्दांत घरीं पोंचूं न शकलेल्या माणसांचें दुःख गाडलेलें आहे, हें बोलणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस माहीत असतें.

'ब्लायटी' या शब्दाची गोष्टही याच जातीची. 'विलायती'चा हा अपभ्रंश हिंदुस्थानांतील शिपायांनीं आपल्या मायदेशास लावला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत खंदकांतील सैनिक 'ब्लायटी' जखमेची इच्छा करीत. म्हणजे जीव जाऊं नये, पण घरीं पाठविण्याइतकी ती मोठी असावी! 'पक्का', 'देखो' (याचें 'डेको' झालें) व 'चिठ्ठी'चें 'चिट्' हे शब्दही हिंदुस्थानांतूनच इंग्रजींत गेले. यूल आणि बर्नेल यांनीं १८८६ सालीं असल्या शब्दांचा एक जाडजूड कोश सिद्ध केला. त्याचें 'हॉब्सन-जॉब्सन' हें नांव तरी काय, मोहरमांतील 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचा गोऱ्या शिपायांच्या तोंडीं झालेला चुराडाच होय.

असे शब्द समजणें निराळें व वापरणें निराळें. अर्जांत, वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत किंवा सांत्वनाच्या प्रसंगीं त्यांस थारा देऊं नये. ज्याच्या घरीं मनोविकारानें कोणी पीडित आहे त्याच्यासमोर 'डूलॅली' उच्चारणें तर उघड असभ्यपणा आहे. शिवाय हे शब्द लवकर शिळे होतात. कालची बोली आज ऐटीनें बोलणारा परका मनुष्य आजोबांचा अंगरखा घातल्यासारखा दिसतो.

त्या मानानें 'पॅल' हा मित्रवाचक शब्द चिवट निघाला. सतराव्या शतकापासून तो इंग्रजींत आहे, आणि आला तो रोमानी लोकांच्या, म्हणजे शेंकडों वर्षांपूर्वीं हिंदुस्थान सोडून युरोपांत गेलेल्या भटक्यांच्या भाषेंतून. त्या भाषेंत त्याचा अर्थ भाऊ असा आहे, आणि संस्कृत 'भ्रातृ' हा त्याचा सख्खा नातलग आहे.