पीटीच्या तासाला बास्केटबॉल? आधी ड्रिबल बंद करा!

पीटीच्या तासाला बास्केटबॉल म्हटलं की एकदोघं चेंडू पळवतात, बाकीचे नुसते मागे धावतात. यावर साधा उपाय म्हणजे थोडा वेळ ड्रिबलच बंद. चेंडू हातात आला की जागेवरूनच पास.

ही नवी शक्कल नाही. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामाच्या तासासाठीच हा खेळ तयार केला. तेव्हा चेंडू घेऊन पळायला मनाई होती, धक्काबुक्कीलाही. दुसरा फाउल केला की पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. आणि एका संघाचे सलग ३ फाउल झाले, तर समोरच्यांना चक्क फुकट गोल! म्हणजे कोपर मारणार एक, भोगणार सगळे. हा जुना नियम आजच्या वर्गातही लावून बघावा. सरांच्या शिट्टीआधी मुलंच एकमेकांना आवरतील.