बारा मिलिमीटरच्या रुळांवरचा माळवा

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने, त्यांतही देवास थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्यांत विभागलेले; परंतु संस्थानी अमदानीत या दोन्ही राजधान्यांपर्यंत आगगाडीचा रूळ काही पोहोचला नाही. 1870 साली तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला शेकडा साडेचार व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीने, एक कोट रुपये कर्जाऊ दिले आणि त्यातून खांडवा-इंदूर हा मीटर गेज मार्ग उभा राहिला. धारहून मात्र या मार्गावरचे महूचे स्टेशन 33 मैलांवर राहिले आणि तेवढी मजल बैलगाडीनेच मारल्यावर माल वाघिणीत चढे. या मुलखाच्या व्यापाराचा भार ज्या चारचाकी वाघिणींनी वाहिला, त्यांची प्रमाणबद्ध प्रतिकृती कोणी करावी, हा या लेखाचा हेतू आहे.

मराठी दरबारांना छोट्या आगगाडीचे अप्रूप नवे नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादात माधवराव शिंद्यांची चांदीची गाडी भोजनाच्या मेजावर फिरून पाहुण्यांना मद्य व सिगार पुरवी, आणि डब्यातील सुरई उचलताच जागीच थांबे. ती कारागिरी अद्वितीय खरी. तथापि तीत वैभवाचे दर्शन घडते, वाहतुकीचे नव्हे.

वाहतुकीचे दर्शन घडते ते इंग्लंडातील साध्या कोळशाच्या वाघिणीच्या प्रतिकृतीत. तेथील रेल्वे क्लिअरिंग हाउसने 1923 साली ठरवलेली 12 टनी वाघीण साडेसोळा फूट लांब, आठ फूट रुंद, आणि तिच्या दोन आसांत नऊ फुटांचे अंतर. फुटास चार मिलिमीटर या प्रमाणात ती 66 मिलिमीटर लांब, 32 रुंद होते आणि आसांतील अंतर 36 भरते. खाणमालकांची व व्यापाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत रंगवलेल्या अशा खाजगी वाघिणी 1948 च्या राष्ट्रीयीकरणात सरकारजमा झाल्या, म्हणून त्यांच्या फळ्यांवरील अक्षरे आज प्रतिकृतींतच वाचावी लागतात. या प्रमाणात एक जुनी विसंगतीही आहे. इंग्लंडातील इंजिने आकाराने लहान असल्याने साडेतीन मिलिमीटरच्या मापात त्यांच्या पोटात तत्कालीन मोटार मावत नसे. तेव्हा सांगाडा चार मिलिमीटरच्या मापाने वाढवला, रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचेच ठेवले. परिणामी चार फूट साडेआठ इंची मार्ग प्रतिकृतीत सात इंचांनी अरुंद झाला, आणि काटेकोर कारागिराला ही उणीव आजही सलते.

आपल्या मीटर गेजचे दैव याहून अनुकूल आहे. फुटास साडेतीन मिलिमीटर म्हणजेच 1:87 या प्रमाणात एक मीटर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, आणि बाजारात मिळणारे रूळ बारा मिलिमीटरचे. अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा फरक! चार मिलिमीटरच्या मापाने साडेपाच फुटी ब्रॉडगेज करू गेल्यास 22 मिलिमीटरचे रूळ स्वहस्ते घडवावे लागतात, ती यातायात येथे नाही. पुण्यात जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाने 1998 पासून या कलेला लोकाश्रय मिळवून दिला आहे; माळव्यातील मराठी घराण्यांनीही आता हात लावावा.

2008 साली पायाभरणी झालेला इंदूर-दाहोद मार्ग धारवरून योजलेला आहे, तो ब्रॉडगेज. मीटर गेजचा मुलूख संपत चालला असून महूजवळच्या पाताळपाणी-कालाकुंड घाटात तो वारसा-गाडीच्या रूपाने उरला आहे. ज्या वाचकांच्या घरी रेल्वेत नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांची दफ्तरे, मालधक्क्याची छायाचित्रे किंवा वाघिणींचे नकाशे असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता त्यांवरील मापे उतरवून काढावीत आणि एक तरी वाघीण पुठ्ठ्याची का होईना, प्रमाणात बांधून पाहावी.