‘फकिरा’तली हजेरी

अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (1959) कोल्हापुरात वर्गात शिकवताना मुले खजिन्याच्या लुटीत रमतात. हजेरी मात्र मला समजावून सांगावी लागते. आमच्या घरात शिकलेला पहिला मीच, त्यामुळे तो शब्द मला पुस्तकाआधी घरातच कळला. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. म्हणजे शिक्षा एकट्या माणसाला नव्हे, सबंध घराला. शाहू महाराजांनी 1918 साली करवीर संस्थानातली हजेरी बंद केली. देशातून कायदा जायला 1952 उजाडले. कादंबरीत फकिरा हाती लागत नाही, तेव्हा साहेब मांगवाड्यातली बाया-पोरे धरतो. त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतः हजर होतो. माझ्या मते कादंबरीचा कणा लुटीत नसून इथे आहे.