कृष्णेच्या डाव्या तीरावरची रेल्वे

सातारा, कऱ्हाड आणि सांगली ही कृष्णाकाठची तीन मोठी गावे. पण मीटरगेजच्या काळात पुणे-मिरज मार्गावरची गाडी यांपैकी एकाही गावात जात नसे. साताऱ्याचा प्रवासी 'सातारा रोड'ला उतरून पुढे सुमारे १६ किलोमीटर रस्त्याने जाई. कऱ्हाडचे स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटरांवर, नदीच्या पलीकडे. सांगलीला बगल देऊन गाडी माधवनगरवरून मिरज गाठी. एवढा खर्च करून रेल्वे बांधायची आणि मोठी गावेच टाळायची, असे का झाले असावे?

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये असंख्य माणसे दगावली. दुष्काळी भागात धान्य वेळेवर पोचावे म्हणून आणखी ५,००० मैल रेल्वे तातडीने बांधावी, अशी शिफारस १८८० च्या दुष्काळ आयोगाने केली. त्याच हेतूने १८८२ मध्ये 'सदर्न मराठा रेल्वे' ही कंपनी स्थापन झाली. भांडवल इंग्लंडमधले, त्यावरील व्याजाची हमी सरकारची, म्हणजे अखेरीस इथल्या करदात्याची. पुण्याहून मिरजेवरून लोंढ्याला जाणारा तिचा मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला.

खर्च वाचवण्यासाठी रुळांमधले अंतर १ मीटर ठेवले होते. पुण्याला येणारी मुंबईची गाडी मात्र १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची. त्यामुळे पुण्यात एका गाडीतले प्रत्येक पोते उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. बांधताना वाचवलेला पैसा पुढे सुमारे ८० वर्षे हमालीच्या रूपाने थोडा थोडा खर्च होत राहिला. पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला तो १९७१ च्या सुमारास.

आता नकाशा उघडा. सातारा ते सांगली या टप्प्यात कृष्णा साधारण आग्नेयेकडे वाहते. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीच्या ती सतत उजव्या हाताला राहते. मिरजेपर्यंत लोहमार्ग कृष्णा ओलांडतच नाही. सातारा आणि कऱ्हाड ही दोन्ही गावे पलीकडच्या, उजव्या तीराच्या बाजूला. तिथे जायचे तर कृष्णेवर मोठा पूल हवा आणि परत यायला दुसरा!

चढाचाही हिशेब आहे. सपाट रुळांवर एक टन वजनाचा डबा चालता ठेवायला ढोबळमानाने ३ किलो वजनाइतकी ओढ पुरते. पण दर १०० मीटरला १ मीटर चढ असेल, तर त्या टनाचा शंभरावा भाग, म्हणजे १० किलो, त्यात मिळवावा लागतो. एवढ्याशा चढाने ओढ चौपटीहून अधिक होते. सालपे-आदर्कीच्या घाटात मार्ग मोठमोठी वळणे का घेतो, ते यावरून कळेल. लांबी वाढवली की चढ सौम्य होतो.

या रेल्वेने दुष्काळ हटला का? धान्य आणण्याची सोय नक्कीच झाली. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडले आणि माणसे पुन्हा उपाशी राहिली. पीक बुडालेल्या शेतमजुराच्या हाती पैसाच नसेल, तर स्टेशनात आलेले धान्य तो कशाने विकत घेणार? रेल्वेने व्यापार वाढतो, पण देशी उद्योग आपोआप उभे राहत नाहीत, हे अर्थतज्ज्ञ गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्याच काळात सांगितले होते. जोशी पेशाने शिक्षक होते, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

उद्योग आले ते नंतर, आणि आले या आडवळणाच्या स्टेशनांवरच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना हलवला. त्या स्टेशनचे नावच पुढे किर्लोस्करवाडी झाले. कऱ्हाड स्टेशनाजवळ १९१६ मध्ये ओगले काच कारखाना निघाला. त्याचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. बिडाचे लोखंड, कोळसा, काच हा सगळा जड किंवा फुटका माल. बैलगाडीने तो लांब नेणे परवडणारे नव्हते. स्टेशनाला लागून मोकळी जमीन मिळणे हीच मोठी सोय होती. गाव टाळून गेलेल्या रेल्वेने माळ जवळ केले, पण तिथे भट्टी पेटवायला माणसे पुढे यावी लागली.

सांगलीने वेगळा मार्ग काढला. संस्थानाने मिरज-सांगली असा छोटा फाटा बांधला. तो १९०७ मध्ये सुरू झाला. १९०८ मध्ये मूळ कंपनी मद्रास रेल्वेत मिळून 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' बनली. १९४४ मध्ये ती सरकारने घेतली आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली. पुणे-मिरज मार्ग आज मध्य रेल्वेकडे आहे.

वर्गात हा पाठ घेताना मुलांकडून जिल्ह्याच्या नकाशावर नदी निळी, रुळ काळे आणि कारखाने लाल रंगवून घ्यावेत. प्रत्येक लाल ठिपका तिथेच का, हे मुलांनीच शोधावे. आपल्या गावाजवळ रेल्वे नसेल, तर एस.टी.चा फाटा किंवा जुना बाजाररस्ता घेऊनही हाच प्रश्न विचारता येईल.