शरणपूर : ईश्वरी दयेचा आश्रय

नाशिक शहरांतील शरणपूर हें नांव त्या बाजूस जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं आहे. परंतु तें कोठून आलें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीनें तेथें ख्रिस्ती लोकांची वसाहत वसविली. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें तेथें आणून ठेवीत व त्यांस अक्षरओळख आणि हातास धंदा देत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचें शव १८७४ सालीं इंग्लंडांत पोहोंचलें, तेव्हां त्यासोबत गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेंत शिकलेला होता. अशा वसाहतीस हें नांव साजेसें खरें. कारण ‘शरणपूर’ हा मराठी बायबलांतील शब्द आहे, आणि ख्रिस्ती धर्मांतील दयेची कल्पना समजून घेण्यास तो चांगली वाट दाखवितो.

मोशेच्या नियमशास्त्रांत सहा शरणपुरें सांगितलीं आहेत. तीन यार्देन नदीच्या पूर्वेस व तीन पश्चिमेस. त्या काळीं कोणाचा वध झाल्यास मृताच्या जवळच्या आप्तानें सूड घ्यावा, अशी रीत होती. परंतु लांकूड तोडतांना कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटून सोबत्यास लागलें व तो मेला, तर काय करावें? असा दुर्दैवी मनुष्य धांवत जवळचें शरणपूर गांठी. तेथें सूड घेणाराचा हात थांबे व मंडळीपुढें चौकशी होई. वैरभाव नव्हता असें ठरल्यास त्यानें त्या नगरांतच राहावें आणि प्रमुख याजक मरण पावल्यावर निर्भयपणें स्वगृहीं परतावें, असा नियम होता. जाणूनबुजून खून करणारास मात्र तेथें थारा नसे.

मग जाणूनबुजून अपराध करणारानें धांवावें कोठें? दावीद राजापुढें हाच प्रश्न उभा राहिला. त्यानें उरीयाच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि त्या प्रामाणिक शिपायास लढाईच्या तोंडीं देऊन मारविलें. नाथान संदेष्ट्यानें एका गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगून राजाचा न्याय राजाच्याच तोंडून वदविला. परंपरेप्रमाणें एकावन्नावें स्तोत्र या प्रसंगाचें आहे. त्यांत दावीद सबब सांगत नाहीं, पूर्वीचे पराक्रम पुढें करीत नाहीं. यज्ञबळीनें हें पाप फिटणार नाहीं, हेंही तो जाणतो. ज्याचा अपराध केला त्याच्याच दयेकडे तो धांव घेतो. न्यायाधीशाचें घर हेंच त्याचें शरणपूर झालें. त्याच्या कृत्याचीं फळें त्याच्या घराण्यास भोगावीं लागलीं, हें शास्त्र लपवीत नाहीं; परंतु देवानें त्यास टाकून दिलें नाहीं.

ख्रिस्ती धर्मानें हाच धागा पुढें नेला. लूककृत शुभवर्तमानांतील जकातदार मंदिरांत दूर उभा राहतो, वर पाहण्याचेंही त्यास धैर्य होत नाहीं. छाती पिटून तो केवळ दया मागतो, आणि येशूच्या मतें तोच निर्दोष ठरून घरीं जातो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्तास प्रमुख याजक म्हटलें आहे. जुन्या नियमांत प्रमुख याजकाच्या मरणानें आश्रितास मोकळीक मिळे. ख्रिस्ताच्या मरणानें पातक्यास मोकळीक मिळते, असें ख्रिस्ती भाविक मानतात. त्यांच्या दृष्टीनें क्रूसावर न्याय बुडाला नाहीं. न्यायाचा भार देवानें स्वतःवर घेतला.

येथें एक शंका सहज येते. दया एवढी सुलभ असेल, तर मनुष्य पापास भिणार नाहीं! जॉन न्यूटनचें चरित्र या शंकेचें उत्तर सोपें करीत नाहीं. मार्च १७४८ मध्यें त्याचें जहाज वादळांत सांपडलें, तेव्हां या उर्मट खलाशानें प्रथमच देवाची दया भाकली. तो वांचला. तरीही पुढें गुलामांच्या जहाजांचा कप्तान होऊन त्यानें तीन सफरी केल्या आणि १७५४ सालीं समुद्र सोडला, तो आजारामुळें. १७६४ सालीं तो धर्मोपदेशक झाला. परंतु आपण केलेल्या व्यापाराचा उघड धिक्कार त्यानें केला, तो १७८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तिकेंत. तींत त्यानें स्वतःचा दोषही मान्य केला. १८०७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामांचा व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन वारला.

वादळांतील हांकेपासून त्या कबुलीपर्यंत चाळीस वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत ज्यांच्या पायांत बेड्या पडल्या, त्यांचें दुःख न्यूटनच्या पश्चात्तापानें भरून निघालें नाहीं. म्हणून दया म्हणजे अपराध झांकण्याची जागा नव्हे. तो निर्भयपणें पाहावा व कबूल करावा, एवढें बळ देणारी ती जागा आहे. ती ज्यास मिळाली त्यानें दुसऱ्यासाठीं दार उघडावें, हें ऋण त्यावर राहतें. कर्जमाफी मिळालेल्या चाकरानें आपल्या गरीब ऋणकोचा गळा धरला, तेव्हां धनी रागावला, अशी गोष्ट येशूनेंच सांगितली आहे.

नाशिकास आलेलीं तीं मुलें अपराधी नव्हतीं. अपराध दुसऱ्यांचा होता. त्यांस मिळालेला आसरा ही भिक्षा नव्हती; तें मनुष्यजातीकडील त्यांचें येणें होतें. देवाजवळ शरणपूर शोधणारानें आपल्या दाराशीं कोण उभें आहे, हेंही पाहावें.