आवृत्ती जुनी, दुरुस्ती ताजी

डेबियन लिनक्सवर एक आज्ञा दिली की अपाची हा वेब सर्व्हर बसतो आणि ब्राउझरमध्ये ‘इट वर्क्स!’ झळकतं. म्हणून पॅकेज म्हणजे मूळ प्रोग्रॅमचं नुसतं गाठोडं, असं वाटतं. खरं तर त्यात पॅकेज बांधणाऱ्यांनी तुमच्यासाठी आधीच घेतलेले निर्णय असतात. ते ठाऊक नसले, की आपण नेमके तेच मोडतो.

सगळ्यात जास्त मोडले जातात ते परवानग्यांचे. अपाची रूटच्या अधिकाराने चालतो, हे अर्धंच खरं. ८० क्रमांकाचं पोर्ट उघडायला रूट लागतो, म्हणून मुख्य प्रक्रिया त्याची. विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया मात्र ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या कमी अधिकारांच्या वापरकर्त्याच्या असतात. पानांच्या फोल्डरची मालकीही त्याला मुद्दाम दिलेली नसते. एखाद्या त्रुटीतून कुणी आत शिरलाच, तरी त्याला पानं वाचता येतील, बदलता येणार नाहीत. अपलोड होत नाही म्हणून सरसकट ७७७, म्हणजे सगळ्यांना लिहू देणारी परवानगी दिली, की ही भिंत आपणच पाडतो. लिहिण्याची मुभा फक्त अपलोडच्या फोल्डरला द्यावी.

दुसरा गैरसमज आवृत्तीच्या आकड्याचा: आकडा जुना म्हणजे सर्व्हर असुरक्षित. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीतली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.०.१जी या आवृत्तीत दिली. डेबियन ७ने १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तेवढी दुरुस्ती तिच्यात आणली आणि पॅकेजच्या आकड्याला ‘डेब७यू५’ हे शेपूट जोडलं. याला बॅकपोर्ट म्हणतात. नव्या आवृत्तीबरोबर येणारे इतर बदल चालत्या सर्व्हरवर नकोत, हा त्यामागचा विचार. म्हणून शेपटासकट पूर्ण आकडा वाचावा. नुसता पुढचा भाग पाहून घाबरू नये, की निर्धास्तही होऊ नये.

अद्ययावत करताना आपली सेटिंग्ज पुसली जातात, हीही भीती नको. तुम्ही बदललेली फाइल ठेवायची की नवी घ्यायची, हे पॅकेज बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्रॅम विचारतो. तिथे न वाचता एंटर दाबलं तरी तुमचीच फाइल राहते.

इतके निर्णय आधीच घेतलेले असतात, मग एचटीटीपीएस आपोआप का सुरू होत नाही? त्याची नमुना साइट ‘साइट्स-अव्हेलेबल’ या फोल्डरमध्ये असते, पण बंद. खऱ्या प्रमाणपत्राला तुमच्या संकेतस्थळाचं नाव लागतं, आणि पॅकेज बांधणाऱ्याला ते कसं माहीत असणार?